घर क्रमांक एकतीस

"सर, पान एकशे बारा वाचलंत का?"

बच्छाव सरांनी वर पाहिलं नाही. ते पान एकोणीसवर होते आणि तिथल्या एका स्वल्पविरामाभोवती लाल पेनाने गोल काढत होते. हर्षाली भोये टेबलापलीकडे उभी होती. तिच्याजवळच खुर्ची होती. पण सरांनी 'बस' म्हटल्याशिवाय त्या खुर्चीवर कोणी बसत नसे, आणि गेले चौदा महिने सर ते म्हणायचं विसरत होते.

"वाचेन," सर म्हणाले. "घाई काय आहे?"

घाई होती आणि ती दोघांनाही ठाऊक होती. हर्षालीच्या पीएच.डी.च्या नोंदणीला मिळालेली शेवटची मुदतवाढ शुक्रवारी संपत होती. प्रबंधाच्या दुसऱ्या पानावर मार्गदर्शक म्हणून डॉ. धनराज बच्छाव यांची सही हवी होती. ती झाली की प्रबंध जमा होणार होता. नाही झाली, तर सहा वर्षं पाण्यात जाणार होती. त्या सहीसाठी ती चौदा महिन्यांत नऊ वेळा आली होती. दर वेळी सरांनी काहीतरी काढलं होतं. एकदा संदर्भसूची, एकदा समास, एकदा 'भाषेत नम्रता हवी'.

खरी अडचण पान एकशे बारावर सुरू होणाऱ्या पाचव्या प्रकरणाची होती. ते परिशिष्टात टाक, असं सरांनी सुचवून झालं होतं. परिशिष्टात गेलं तर कोणी वाचणार नाही, असं हर्षाली म्हणाली होती. त्यावर सर काही बोलले नव्हते, म्हणजे त्यांना तेच हवं होतं.

आज मात्र ती गेली नाही. "सर, दोन हजार सहाच्या माघात तुमची पाहणी आमच्या पाड्यावर आली होती," ती म्हणाली. "आमचं घर एकतीस नंबरला होतं."

"बरं मग?"

"दाराला बोरीची काटी होती. तुमच्या नियमाप्रमाणे बंद घर सोडून पुढचं घर घ्यायचं. पुढचं घर बुधाबाबाचं. त्याला लिहिलं. मी तेव्हा आठ वर्षांची होते सर. बागेत क्रेटमध्ये कागद अंथरत होते."

सरांचं लाल पेन थांबलं.

"तुम्ही दरवर्षी माघात येत होतात," ती त्याच आवाजात म्हणाली, "आणि दरवर्षी माघात आम्ही नव्हतो."

"हाई काय शे?" सरांच्या तोंडून एकदम निघालं. सटाण्याकडचं घर सोडून चाळीस वर्षं झाली होती, पण राग आला की आईची अहिराणीच आधी जिभेवर येई. मग त्यांनी आवाज सावरला आणि शिकवताना बोलत तसं म्हणाले, "एका घरावरून निष्कर्ष मोडत नसतो, हर्षाली."

"एक नाही सर. बारा गावांत मिळून चारशे अकरा."

सरांनी प्रबंध मिटला, ड्रॉवरमध्ये ठेवला आणि शुक्रवारी बघू म्हणाले.

त्या निष्कर्षावर सरांचं सगळं आयुष्य उभं होतं. परदेशी व्यापार वाढला की इथल्या मजुराचं काय होतं, एवढा एकच प्रश्न त्यांनी जन्मभर विचारला. नाशिकच्या द्राक्षांचे कंटेनर युरोपला जाऊ लागले तेव्हा ते तरुण प्राध्यापक होते. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातली बारा गावं त्यांनी निवडली आणि बावीस वर्षं, दर माघात, निर्यातीचा हंगाम भरात असताना, विद्यार्थ्यांची पथकं घेऊन ते तिथे गेले. कोण कामाला जातं, काय मजुरी पडते, घर सोडून किती जण जातात, हे घरोघर विचारून लिहीत गेले. आकडे एकच सांगत होते. द्राक्षं बाहेर जाऊ लागली तशी डोंगरातल्या माणसांना घराजवळ काम मिळालं, मजुरी चढली, स्थलांतर घटलं. त्यावर त्यांनी लिहिलेला निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला. नाशिकच्या कॉलेजातल्या माणसाचं नाव रॉटरडॅमच्या परिषदेत पुकारलं गेलं.

तिथल्या एका दुकानात त्यांना नाशिकची द्राक्षं दिसली. प्लॅस्टिकच्या डबीवर गावाचं नाव वाचून त्यांचे डोळे भरून आले होते. डबी घेऊन ते हॉटेलवर आले आणि खोलीत उभ्यानेच खाल्ली. द्राक्षं आंबट होती. परत आल्यावर मात्र त्यांनी सगळ्यांना गोड सांगितली, आणि त्या डबीचं लेबल फ्रेम करून खोलीत लावलं. पुढे पंधरा वर्षं प्रत्येक स्वागतपर भाषणात कोणी ना कोणी त्या लेबलाचा उल्लेख करी. सर मान खाली घालून हसत.

आणि ही डोंगरातली मुलगी, जिला त्यांनीच हाताला धरून एम.ए.ला आणलं, ती आषाढात गेली. पेरणी-लावणीला सगळे घरी असतात तेव्हा. सरांच्या प्रश्नावलीत एक शब्दही न बदलता तिने तेच प्रश्न त्याच गावांत विचारले, आणि मागच्या वीस वर्षांच्या माघात कोण कुठे होतं तेही विचारलं. उत्तर उलटं आलं. लोक थांबले नव्हते. उलट निर्यात वाढली तशी जास्त घरं जास्त दिवस बंद राहू लागली होती. सरांनी फक्त थांबलेल्यांना मोजलं होतं.

शुक्रवारी सर कळवणला गेले. एका व्याख्यानमालेचं उद्घाटन होतं. आमंत्रण पुढच्या महिन्याचं होतं, त्यांनी स्वतः फोन करून ते अलीकडे ओढून घेतलं होतं. 'जागतिक बाजार आणि आपला श्रमिक' या विषयावर ते सव्वा तास बोलले आणि चांगले बोलले. फोन बंद होता. संध्याकाळी नारळ आणि शाल गाडीच्या मागच्या सीटवर टाकून ते परतले, तेव्हा संशोधन केंद्राला कुलूप लागलेलं होतं.

सोमवारी शिपाई राजूने सांगितलं की भोये मॅडम सकाळी नऊपासून पाचपर्यंत व्हरांड्यात होत्या. चहाही घेतला नाही. पाच वाजता आपल्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवून गेल्या.

"काही म्हणाली?"

"नाही सर. मीच म्हटलं, सर येतील. तर म्हणे, सर बंद घर सोडून पुढं जातात." राजूला त्यातलं काही कळलं नव्हतं. त्याने ते निरोप सांगावा तसं सांगितलं.

सरांनी किल्ली खिशात घातली. त्या आठवड्यात त्यांना झोप नीट लागली, जेवणही गेलं. एक गोष्ट मिटली, असं ते स्वतःशी म्हणत होते.

कॉलनीतल्या विठ्ठलमंदिरात त्याच आठवड्यात सप्ताह चालू होता. सरांच्या पत्नी सरिताबाई सातही दिवस सकाळ-संध्याकाळ तिथेच असत. सर एरवी फक्त शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनाला जात, तेही मागे भिंतीला टेकून बसायला. त्यांचे वडील गावच्या सप्ताहात वीणा धरायचे. वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही. एकाने जेवायला जायचं तर दुसऱ्याच्या गळ्यात देऊन. लहानपणी वडील जेवत असताना ते उभ्या वीणेकरी काकांकडे बघत बसत. हात बदलतात पण वीणा खाली येत नाही, याचं त्यांना भारी नवल वाटे.

काल्याच्या दिवशी सकाळचे दहा वाजले होते. मंडपात उन्हाच्या पट्ट्या पडल्या होत्या, टाळकरी दोन रांगांत उभे होते, पखवाजाला नुकतीच कणीक लावून झाली होती. महाराज देवळ्याकडचे, तरुण, आवाज मोकळा. वर हंडी टांगलेली. अभंगाचं निरूपण त्यांनी लवकर आवरलं आणि गोपाळांच्या जेवणावर आले. रानात सगळ्यांनी शिदोऱ्या सोडल्या. कोणाची भाकर, कोणाचं लोणचं, कोणाचा शिळा तुकडा. काला कालवायला देवाने हात घातला आणि तसाच मागे घेतला. म्हणाला, एक कमी आहे. गोपाळ म्हणाले, सगळे तर आहेत. एक पोरगा हरवलेल्या वासरामागे लांब गेला होता, त्याची कोणालाच आठवण नव्हती. तो येईपर्यंत देव तसाच बसला. दही आंबलं, भाकरी वाळल्या, तरी काल्याला हात नाही.

महाराजांनी टाळ थांबवले. मंडप शांत झाला.

"माउली, समोर आहे त्याला कोणीही मोजील. देव मोजायला बसला, की तो नसलेल्यापासून सुरुवात करतो."

मग एकदम गजर उठला, हंडी फुटली, लोक पुढे झाले. सरांच्या शेजारचे गृहस्थ डोळे पुसत होते. सर भिंतीला टेकूनच होते. हात टाळी वाजवायला वर आले होते, ते तसेच राहिले.

प्रसादाला रांग लागली. काल्याच्या दिवशी वाढणारा प्रत्येकाला विचारतो, घरी किती. जे येऊ शकले नाहीत, आजारी आहेत, परगावी आहेत, त्यांचा वाटा वेगळ्या द्रोणात देतात. सरिताबाईंनी नेहमीसारखे तीन द्रोण मागितले. वाढणारे निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांचा मुलगा संतोष गेली अकरा वर्षं कॅनडात आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी काही न विचारता तिसरा द्रोण भरला. घरी आल्यावर सरिताबाई तो तुळशीपाशी ठेवत, चिमण्या येऊन लाह्या टिपत. दरवर्षी सर चेष्टा करत, "कॅनडाचा माल कंटेनरने पाठव, लवकर पोहोचेल." सरिताबाई दरवर्षी हसत.

या वर्षी ते काही बोलले नाहीत. सरिताबाईंनी दोनदा वळून पाहिलं.

घरी येऊन त्यांनी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या खाली काढल्या. बावीस वर्षांच्या भरलेल्या प्रश्नावल्या पेट्यांत होत्या, वर्षांच्या चिठ्ठ्या लावलेल्या. दोन हजार सहाची काढून ते जमिनीवर बसले. आपण शोधतोय ते विद्यार्थ्याच्या हातचं असेल, असं त्यांना वाटत होतं. कुठल्या तरी कंटाळलेल्या पोराने दाराशी न जाताच 'बंद' लिहिलं असेल, म्हणजे दोष त्याचा.

कागद सापडला. अक्षर त्यांचं स्वतःचं होतं. त्या पाड्यावर पथकाबरोबर ते स्वतः गेले होते, हे ते विसरले होते. वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'घर ३१. दाराला काटी. शेजारी सांगतात, सगळे द्राक्षांवर, पोरीसकट.' त्याखाली एक बाण, आणि बाणाच्या टोकाला, '३२. बुधा.' बाण सरळ होता, पट्टीने काढल्यासारखा.

त्यांना तेव्हाच सांगितलं गेलं होतं. त्यांनी लिहूनही घेतलं होतं. मग पुढच्या घरी गेले होते, कारण नियम होता, आणि नियम त्यांचाच होता.

"अहो, जेवायला चला," सरिताबाई दोनदा म्हणाल्या. तिसऱ्या वेळी त्या दारात आल्या आणि नवऱ्याच्या हातातला कागद त्यांनी चष्म्याशिवाय लांब धरून वाचला. सगळं वाचून त्यांनी एवढंच विचारलं, "मग हे तुम्हाला माहीत होतं?"

सर म्हणाले, "असणारच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली. ड्रॉवरमधून प्रबंध काढला, दुसऱ्या पानावर पूर्ण नावाने, तारखेसह. मग विद्यापीठात गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं. विशेष बाब म्हणून मुदत मिळू शकते. मार्गदर्शकाने उशिराची जबाबदारी लेखी घ्यायची, सरांनी ते तिथेच लिहून दिलं. पण अर्ज विद्यार्थिनीचा हवा, तिच्या सहीने, आणि चालू महिन्याच्या आत. महिन्याचे आठ दिवस उरले होते. हर्षालीचा फोन तीन दिवस संपर्काबाहेर लागला. चौथ्या दिवशी सर गाडी काढून निघाले.

खरं सांगायचं तर ते खुशीत होते. सही केल्यापासून त्यांना हलकं वाटत होतं, आणि दिंडोरीपर्यंत पोचता पोचता त्यांच्या मनात एक वाक्यही तयार झालं होतं. शिष्याने गुरूची चूक दाखवावी आणि गुरूने त्यावर सही करावी, याहून मोठी दक्षिणा कोणती. पुढच्या एखाद्या भाषणात ते शोभलं असतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागा तोडणीला आल्या होत्या. मांडवाखाली डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका पाठमोऱ्या उभ्या होत्या, कात्र्या चालू होत्या, क्रेट भरत होते. सरांनी गाडीचा वेग कमी केला नाही.

पाड्यावर पोचायला एक वाजला. अर्ध्याहून जास्त घरांच्या चौकटीत बोरीच्या काटेरी फांद्या आडव्या लावलेल्या होत्या. इथे घर सोडताना कुलूप लावत नाहीत. चोरावं असं आत काही नसतं, काटी ढोरं शिरू नयेत म्हणून. सरांनी ही काटी बावीस माघ पाहिली होती. आज ते पहिल्यांदा तिच्यासमोर थांबून उभे राहिले. चौकटीवर खडूने लिहिलेला ३१ आकडा पुसट झाला होता, कुठल्यातरी पाहणीचा, कदाचित त्यांच्याच.

"आले का सर? यंदा एकलेच?"

शेजारच्या ओट्यावर बुधा बसला होता. आता सत्तरीचा, एक पाय लहानपणापासून आखडलेला. त्या पायामुळे तो कधी द्राक्षतोडणीच्या टोळीबरोबर गेला नाही. मुलगा आश्रमशाळेत शिपाई होता, घरात बाराही महिने चूल पेटत होती. सर त्याच्याजवळ जाऊन बसले आणि लंकाबाई भोयेंची हर्षाली कुठे आहे, असं त्यांनी विचारलं.

बुधाने सगळं सांगितलं. नवरा बहिरू वारल्यापासून लंकाबाई टोळीत जात होती. यंदा तिचे गुडघे गेले, मांडवाखाली उभं राहवेना. मुकादमाला तर माणसं मोजून द्यायची. पोरगी नाशिकहून आली, दोन दिवस कोणाशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी आईच्या जागी उभी राहिली. आईलाही सोबत नेलं, मागं एकलीला कोण बघणार. जाताना काटी हर्षालीनेच लावली.

"कोणत्या गावाला गेलेत?"

"ते कसं सांगू? मुकादम नेल तिकडं. एक बाग झाली की दुसरी." मग त्याने सरांकडे जरा नवलाने पाहिलं. "तुमाला ठावं नाय? तुमी तर त्याचंच लिवता ना?"

टोळ्यांवर त्यांनी पाच निबंध लिहिले होते. टोळी कशी शोधायची, हे त्यांना येत नव्हतं. सकाळी ज्या बागांवरून ते आले, त्यांतल्या एखादीत ती पाठमोरी उभी असेलही. आणि तिने गाडी पाहिली असेल. गाडी ती ओळखत होती.

"कधी येतील?"

"होळीला. मंग कोण थांबतंय तिकडं."

होळीला अर्जाचा महिना उलटून पाच दिवस झालेले असणार होते. सरांनी मनात दोनदा हिशेब केला, पण होळी काही अलीकडे आली नाही.

पिशवीतून त्यांनी प्रबंध काढला. तीनशे चाळीस पानं, दुसऱ्या पानावर सही. निदान घरात ठेवून जावं, ती आली की पाहील, म्हणून ते उठले आणि त्यांनी एकतीस नंबरच्या दाराशी जाऊन काटीला हात घातला. काटा तळहातात शिरला.

"काढू नका सर," मागून बुधा म्हणाला. तो ओरडला नाही. "जेनं लावली तेनंच काढायची असती. आमच्यात दुसऱ्यानं काढली तर घरचं माणूस परतत नाय, म्हनतात."

सरांनी हात मागे घेतला. तळहातावर रक्ताचा एक थेंब आला होता, तो त्यांनी रुमालाने टिपला. प्रबंध काखेत धरून त्यांनी आत डोकावलं. दाराच्या फटीतून आत काळोख दिसत होता, आणि भिंतीला लावलेली एक पाटी, शाळेची असावी.

बुधाने आतून काळा चहा आणला. मग ओटा हाताने झाडून तो नीट मांडी घालून बसला, दर माघात बसत होता तसा, आणि म्हणाला, "हां, घ्या लिवून. माझंच लिवा. म्होरलं घर माझंच हाय."

सरांच्या पिशवीत कोऱ्या प्रश्नावल्या असतच. बावीस वर्षांची सवय. त्यांनी एक काढली, प्रबंधावर ठेवली, पेनाचं टोपण काढलं. घर क्रमांक या जागी लिहिलं, ३१. कुटुंबप्रमुख या जागी लिहिलं, लंकाबाई बहिरू भोये. तिच्याखाली, हर्षाली. पुढे वय, शिक्षण, सध्याचं काम असे रकाने होते. शिक्षणाच्या रकान्यात त्यांनी एम.ए. लिहिलं, पुढे आणखी काही लिहायला गेले आणि थांबले. सध्याच्या कामाच्या रकान्यात त्यांनी द्राक्षतोडणी लिहिलं.

मग पान उलटायचं सोडून ते तसेच बसून राहिले.

चहा निवत होता. बुधा पहिल्या प्रश्नाची वाट बघत होता.